झिजलेले मॉर्गन डॉलर जमवताना

अमेरिकेतील जुन्या चांदीच्या डॉलरांचा संग्रह म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलेली, लखलखणारी कोरी नाणी येतात. माझे मत वेगळे आहे आणि ते मी पुरेशा विचारांती मांडत आहे. मॉर्गन डॉलर जमवायचा असेल तर तो हातोहात फिरून झिजलेलाच जमवावा, आणि संपूर्ण मालिकेत झीज शक्य तितकी एकसारखी राहील असा आग्रह धरावा.

यामागचे कारण या नाण्याच्या इतिहासातच आहे. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकी सरकारवर दरमहा वीस ते चाळीस लाख डॉलरांची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडण्याचे बंधन आले. जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या कोरक्याने घडवलेले हे नाणे २६.७३ ग्रॅम वजनाचे आणि ३८.१ मिलिमीटर व्यासाचे होते. एवढे जड नाणे खिशात बाळगण्यापेक्षा पूर्वेकडील शहरांतील लोकांनी त्याच्या बदल्यात मिळणारी नोट पसंत केली, आणि नाणी हजार-हजारांच्या थैल्यांत सरकारी तिजोरीत पडून राहिली. त्यांतील कित्येक थैल्या थेट १९६२ ते १९६४ या काळात फुटल्या. म्हणजे आज कोरी म्हणून मिरवणाऱ्या नाण्यांपैकी पुष्कळशा नाण्यांनी कधी एका पावाचीही किंमत चुकवलेली नाही. याउलट नेवाडा, मोंटाना, कॅलिफोर्निया या पश्चिमेकडील भागांत कागदी पैशावर लोकांचा विश्वास कमी होता. तिथे हा डॉलर मजुरीत मिळे, दुकानात खर्च होई आणि जुगाराच्या टेबलावरही फिरे. पैसा म्हणून जगलेले नाणे मला हवे आहे.

झिजलेल्या नाण्यांच्या मागे लागले की दुर्मिळतेचे सगळे गणितच उलटे होते, आणि या संग्रहातील खरा आनंद मला तिथे सापडतो. १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत ३२ लाख डॉलर पडले. त्यांतील बहुतेक बाजारात गेले. त्यामुळे झिजलेले नाणे सामान्य नोकरदाराला सहज परवडते, पण तेच कोरे हवे असेल तर हजारो डॉलर मोजावे लागतात. फिलाडेल्फियाच्या १९०१ च्या नाण्याचीही हीच गोष्ट आहे. ती ६९ लाखांहून अधिक पडली, तरी कोरी प्रत मिळणे फार कठीण. आता याच्या विरुद्ध टोक पाहा. नेवाडातील कार्सन सिटीच्या टांकसाळीत १८८४ मध्ये ११ लाख ३६ हजार डॉलर पडले आणि त्यांतील साडेनऊ लाखांहून अधिक तिजोरीतच राहिले, जे सरकारने १९७० च्या दशकात लोकांना विकले. त्यामुळे त्या सालचे, ‘सीसी’ हे कार्सन सिटीचे टांकसाळ-चिन्ह असलेले कोरे नाणे पैसे टाकले की मिळते, पण मनासारखे झिजलेले नाणे शोधताना दमछाक होते. पैसे असणे पुरेसे नसते, नजर आणि चिकाटी लागते, असे क्षेत्र मला अधिक मोलाचे वाटते.

टांकसाळीच्या आकड्यांवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. १९१८ च्या पिटमन कायद्यानुसार २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवण्यात आले, आणि कोणत्या सालचे किती गेले याची नोंद ठेवली गेली नाही. त्यांतील सुमारे २५ कोटी ९० लाख डॉलरांची चांदी ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानासाठी विकण्यात आली. महायुद्धामुळे आपल्याकडे चांदीच्या रुपयांची इतकी टंचाई झाली होती की सरकारला १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढावी लागली होती, आणि लोक नोटा देऊन रुपये मागत होते. एका डॉलरमध्ये जवळजवळ सव्वादोन रुपयांची चांदी असे. त्या चांदीचे मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत कळदार रुपये झाले. महाराष्ट्रातील जुन्या घरांत जपलेल्या पंचम जॉर्जच्या रुपयांपैकी काहींची चांदी कधी काळी मॉर्गन डॉलर होती, ही गोष्ट आपल्या नाणेसंग्राहकांनाही फारशी ठाऊक नसते याचे मला वाईट वाटते.

माझ्यासमोर आत्ता न्यू ऑर्लिन्सचा १८९५ चा डॉलर आहे. पुढील बाजूस लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्याचे प्रतीक असलेल्या स्त्रीमुखाच्या, कानावरचे केस एकमेकांत मिसळून सपाट झाले आहेत. टोपीवरची कापसाची बोंडे केवळ आकारापुरती उरली आहेत, पण केसांतील पट्टीवरची अक्षरे अजून पूर्ण वाचता येतात. मागील बाजूस गरुडाच्या छातीवर एकही पीस शिल्लक नाही. अक्षरांच्या सांदीत काळसर राखाडी रंग जमला आहे आणि उंचवटे फिकट आहेत, त्यामुळे चित्र अधिकच उठून दिसते. हा रंग नाण्याच्या वयाचा आहे. सणावाराला चांदीची भांडी रांगोळीने घासून लख्ख करण्याची आपल्याला सवय असते, पण नाण्यावर तसा हात फिरवला की बारीक चरे उमटतात आणि ते कायमचे राहतात. घासलेले नाणे कितीही स्वस्त मिळाले तरी मी ते संग्रहात घेत नाही.

एकसारखी झीज साधणे बोलण्याइतके सोपे नाही. काही नाण्यांवर मुळातच छाप कमजोर बसलेला असतो, विशेषतः न्यू ऑर्लिन्सच्या, आणि अशा नाण्यावरील गरुडाची छाती नाणे न वापरताही सपाट दिसते. म्हणून मी आधी कडेलगतची दातेरी नक्षी आणि अक्षरांचे कोपरे पाहतो, कारण खरी झीज तिथेही पोहोचलेली असते. सर्वात महागडे १८९३ चे सॅन फ्रान्सिस्कोचे नाणे मी शेवटी घेणार आहे. ते फक्त एक लाख पडले होते आणि फिलाडेल्फियाच्या नाण्यावर सॅन फ्रान्सिस्कोचे ‘एस’ हे टांकसाळ-चिन्ह चिकटवून केलेल्या बनावट प्रती बाजारात आहेत. अस्सल नाण्यावर लिबर्टी या शब्दातील टी अक्षराच्या माथ्यावर साच्याची एक तिरकी बारीक रेघ असते. तपासणी संस्थेचा दाखला असल्याखेरीज आणि भिंगाखाली ती रेघ स्वतः पाहिल्याखेरीज या नाण्यावर पैसे लावू नयेत, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

सध्या माझा शोध कार्सन सिटीच्या १८८४ च्या झिजलेल्या डॉलरचा आहे. आपल्यापैकी कोणाकडे असे न घासलेले नाणे असेल तर दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे अवश्य पाठवावीत. विकायचे नसले तरी चालेल, त्याची झीज माझ्या इतर नाण्यांशी ताडून पाहायची आहे.