बैलगाडीच्या वाटेनं डंपर नेता येतो का?

गळीत हंगाम तोंडावर आला की करवीर-शिरोळकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो: "शेजाऱ्याच्या रानातून 12 वर्षं वहिवाट असेल तर वाट कायमची तुमची. मग डंपर न्या, मागचा प्लॉटही त्याच वाटेला जोडा, तो अडवूच शकत नाही." पुढं पाठवायच्या आधी हे वाचा.

12 वर्षं हा आकडा प्रतिकूल कब्जाच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन ताब्यात ठेवून मालकी सांगण्याच्या, भानगडीतला. वाटेसाठी 1882 च्या इझमेंट अ‍ॅक्टचं (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वगैरे वापरायच्या हक्कांचा कायदा) कलम 15 लागतं. त्यात 20 वर्षं लागतात, तीही उघड, शांततेत, हक्कानं आणि खंड न पडता. सरकारी जमिनीतून असेल तर 30. "दादा, जाऊ का?" असं विचारून गेलेली वर्षं यात धरत नाहीत. आणि एवढं सिद्ध झालं तरी मिळतो तो जाण्यायेण्याचा हक्क, जमीन शेजाऱ्याचीच राहते.

खरी गंमत डंपरची. कलम 28 प्रमाणे कोर्ट बघतं, वाट कशासाठी मिळाली आणि देणाऱ्या-घेणाऱ्याचा हेतू काय असावा. तसा पुरावा नसेल, तर एका प्रकारच्या वाटेत दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही, म्हणजे पायवाटेवरून ट्रॉली नाही. पण शेजाऱ्यांनीही हे कलम फार ताणू नये. वाटणीपत्रात शेतीसाठी बैलगाडीची वाट लिहिली असेल आणि तोच ऊस आता ट्रॅक्टरनं जात असेल, तर कलम 23 वापराची रीत बदलू देतं. अट एवढीच की शेजाऱ्यावर जादा बोजा पडता कामा नये. वाटेची रुंदी तेवढीच राहिली तर माझ्या मते ट्रॅक्टरवाल्याची बाजू भक्कम. त्याच रानात मंगल कार्यालय काढलं, तर मात्र वऱ्हाडाच्या मोटारींना 'शेतीसाठी' म्हणता येत नाही. आपली मिळकत बदलून किंवा वाढवून वाटेचा हक्क भरमसाट फुगवायला कलम 29 ची आडकाठी आहे. वकिलाकडं जायच्या आधी गाव नकाशा काढून बघा: एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग, दुहेरी तुटक म्हणजे गाडीमार्ग.

मागच्या प्लॉटचं उत्तर कलम 21 मध्ये आहे. वाट ज्या रानासाठी, त्याच रानासाठी. पलीकडच्या तुकड्याला ती जोडता येत नाही.

'कायमची' हे अर्धं खरं. निव्वळ गरजेपोटी मिळालेली वाट गरज संपली की संपते (कलम 41). दस्तानं दिलेली वाट मात्र दुसरा रस्ता निघाला म्हणून जात नाही. हिरो विनोथ विरुद्ध शेषम्माल (2006) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा फरक केलाय.

आणि अडवण्याचं म्हणाल, तर कलम 31 जादा वापर स्वतःच्या जमिनीत अडवायची मुभा शेजाऱ्याला देतंच. फक्त त्यात रास्त वापर अडकायला नको. डंपर रोखायला चर मारला आणि बैलगाडीही अडली, तर त्याचं चुकलं. अशा वेळी मामलतदार कोर्ट अ‍ॅक्ट, 1906 खाली तहसीलदाराकडं दाद मागता येते, पण अडथळा केल्यापासून 6 महिन्यांच्या आत.