नव्या गाडीचं ॲव्हरेज इतक्यात काढू नका

नवी गाडी घेतलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात "ॲव्हरेज किती देते?" असं विचारू नका, अशी मनापासून विनंती आहे. या प्रश्नाच्या धसक्याने माणसं गाडी चुकीची चालवतात, आणि तीही नेमकी इंजिन सेट होण्याच्या काळात.

स्क्रीनवरचा आकडा वाढावा म्हणून वरचा गिअर घाईने टाकला जातो. स्पीड जेमतेम पस्तीस आणि गिअर पाचवा! गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बघा, थरथर हाताला लागते. गाडी ओढत नाही म्हणून पाय ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. इंजिनला हा ताण फार वाईट. सरळ एक गिअर खाली घ्या, थोडं जास्त पेट्रोल जाईल, जाऊ दे.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच मुद्दाम बारीक तिरप्या रेषा पाडलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यावर घासून हळूहळू चपखल बसतात. तोवर घर्षण जास्त, म्हणून इंधनही थोडं जास्त लागतं. ऑइलसुद्धा जास्त खाल्लं जाऊ शकतं, तेव्हा मधूनमधून डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघत जा. या रिंगांना भिंतीवर दाबून धरतो तो जळलेल्या वायूचा दाब. म्हणून गाडी फार जपून, नुसती रांगवत चालवणं किंवा उभ्या जागी सुरू ठेवणं, यानेही काही साधत नाही.

बहुतेक मॅन्युअलमध्ये पहिले १,००० ते १,५०० किमी सांभाळायला सांगतात. आपल्या गाडीचा आकडा त्यातच वाचा. तोवर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका, स्पीड कमीजास्त करत राहा. हायवेवर क्रूझ कंट्रोल लावून तासन्‌तास एकाच स्पीडला जाणं टाळा. नवे टायर आणि ब्रेक पॅडही पहिले काहीशे किमी पूर्ण पकड देत नाहीत, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. हे तर जिवाशी संबंधित आहे.

ॲव्हरेज नंतर काढा, पण नीट काढा. ऑटो कटपर्यंत, म्हणजे पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुन्हा तशीच भरताना किमीला लिटरने भागा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन-चार टाक्यांची सरासरी धरा. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चालवून काढलेला असतो. थंड इंजिनवर दोन-दोन किमीच्या फेऱ्या मारणाऱ्याला तो कधीच मिळणार नाही, त्यात गाडीचा दोष नाही. टायरमधली हवा मात्र गाडी थंड असतानाच तपासा. चालवून आणल्यावर ती जास्त दाखवते.