आत्या, ते लाकूड आणू नकोस

आत्या महिनाअखेर लेकाकडे जर्मनीला निघाली आहे. काल फोनवर म्हणाली, बोडन सरोवरावरून लाकडाचा छोटासा तुकडा आणेन, देव्हाऱ्याशी ठेवायला. कुठून आलं हे डोक्यात? फॅमिली ग्रुपवरच्या मेसेजमधून. म्हणे त्या सरोवराकाठच्या उंटरउलडिंगेनला ६००० वर्षांपूर्वीचं गाव पाण्यावर जसंच्या तसं उभं आहे. लाकूड भारतातून गेलेलं सागवान, म्हणून कुजलं नाही. माणसं सरोवराच्या मधोमध राहायची. आणि त्या लाकडाने वास्तुदोष जातो.

मेसेजसोबतच्या फोटोतली घरं प्रतिकृती आहेत, तिथल्या संग्रहालयातली. पहिली दोन १९२२ साली बांधली, संग्रहालय हे स्वतःच सांगतं. आणि ६००० वर्षं उभं? याच सरोवराच्या स्विस काठावर आर्बोनला एक गाव इ.स.पू. ३३८४ मध्ये वसलं आणि १५ वर्षांच्या आसपासच जळून गेलं. हे घरांच्या खांबांच्या वर्षवलयांवरून, म्हणजे खोडात दरवर्षी वाढणाऱ्या कड्यांवरून कळलं. वलयांचा क्रम तिथल्याच झाडांशी जुळतो म्हणून तर वर्ष सांगता येतं. मग सागवान आलं कुठून?

मधोमध राहण्याचं म्हणाल, तर १८५४ साली स्विस पुरातत्त्वज्ञ फर्डिनांड केलर यांनाही अशी घरं पाण्यावरच्या मचाणांवर असावीत असं वाटलं होतं. पुढे बरीचशी काठावरच्या, पूर येणाऱ्या जमिनीवरची निघाली.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की हजारो वर्षांचं लाकूड तिथे खरंच आहे. पण ते पाण्याखालच्या चिखलात आहे. तिथे प्राणवायू पोचत नाही, म्हणून बुरशी लागत नाही.

आणि म्हणूनच तुकड्याची गोष्ट मला सहन होत नाही. इतक्या काळात लाकडाच्या पेशींच्या भिंती झिजलेल्या असतात, आकार टिकतो तो आत भरलेल्या पाण्यामुळे. बाहेर काढून वाळू दिलं की ते आक्रसतं, तडकतं, वेडंवाकडं होतं. त्याबरोबर वलयं जातात, म्हणजे त्या घराचं वर्षच जातं. तज्ज्ञ असं लाकूड ओलंच ठेवतात, मग महिनोन्‌महिने रसायनात मुरवतात. आपण ते रुमालात गुंडाळून बॅगेत टाकणार? आल्प्सभोवतीच्या सहा देशांतल्या अशा १११ जागा २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, उंटरउलडिंगेनजवळचे बुडालेले अवशेषही त्यात येतात. शुभ म्हणून तिथलं लाकूड उचला असं लिहिणाऱ्याने हे एकदा तरी वाचायला हवं होतं.

आत्या, संग्रहालय जरूर बघ. त्या लाकडी पुलांवरून चाल, घरांत शिर, फोटो पाठव. काठावर काळपट खुंट दिसला तर हात लावू नकोस, तिथल्या माणसाला दाखव.