साम्राज्य थाटायचंय? मग हे वाचाच

साताऱ्यात बसून साम्राज्य थाटायचा बेत असेल, तर सुरुवात गादीपासून करा. राजाला मूल नसेल तर दुधात साखर. मरता मरता त्यानं दत्तक घेतलाच, तर ‘नामंजूर’ असा शेरा मारा नि राज्य खालसा करून टाका. गव्हर्नर जनरल डलहौसीसाहेबांनी १८४८ मध्ये साताऱ्यावरच हात साफ करून घेतला होता. साताऱ्याच्या राजाचा एखादा वकील, रंगो बापूजी, दाद मागायला त्याआधीच थेट लंडन गाठतो. गाठू द्या. चौदा वर्षं अर्ज करू द्या. कागद स्वस्त असतो.

तो परतेपर्यंत रूळ टाकून मोकळे व्हा. मात्र स्वतःच्या खिशात हात घालाल तर खबरदार! विलायतेतल्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी द्या. गाडीनं कमावलं तर त्यांची चंगळ, कमी पडलं तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतसारा भरणाऱ्याच्या कनवटीतून. अशी हमी असल्यावर काटकसर करायला कुणाला वेड लागलंय? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, तेव्हा २१ तोफांची सलामी झाली. तोफा हव्यातच, नाहीतर लोकांना वाटायचं, ही नुसती प्रवासाची सोय आहे.

मग स्टेशन बांधा, राणीच्या नावानं. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या घुमटावर ‘प्रगती’ उभी आहे, एका हातात मशाल, दुसऱ्यात चाक. खाली फाटकाच्या एका खांबावर ब्रिटनचा सिंह, दुसऱ्यावर हिंदुस्थानचा वाघ. दगडात समानता द्यायला कंजुषी करू नये, त्यात आपलं काही जात नाही.

कमानीची घाई नको. राजा १९११ मध्ये येऊन गेला, गेटवे पुरा झाला १९२४ मध्ये. वरात गेल्यावर मांडव! पण १९४८ मध्ये शेवटची गोरी पलटण तिथूनच बाहेर पडली, म्हणजे खर्च अगदीच वाया गेला असं नाही.

डोंगरही सोडू नका. महाबळेश्वरात पेठ माल्कमची, कडा एल्फिन्स्टनचा, दुसरा लॉडविकचा. हा लॉडविक म्हणजे साताऱ्याचा रेसिडेंट, दरबारातला इंग्रजांचा माणूस. त्याच्या स्मारकाचा खांब अजून उभा आहे. माणसं त्याच्याकडं पाठ करून दरीचे फोटो काढतात, कणीस खातात.

आणि हो, पगाराची गाडी शेणोलीवरून नेताना जरा जपून. १९४३ मध्ये पत्री सरकारच्या, म्हणजे नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या पोरांनी तिथं ती अडवून रक्कम उतरवून घेतली. त्यांनी तिकीट काढलं होतं का, हे विचारत बसू नका.