मुलींचंच आहे ना, मग कुठलंही टाक!

आज सकाळी चुलत बहिणीने लेकीच्या इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्मचा, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पोरीला मेकॅनिकल हवंय. त्यावर आमचे एक काका लिहितात, "मुलींचंच कॉलेज बघताय ना? मग कुठलंही टाक, सगळी सारखीच." खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

सारखीच? मुलींचीच दोन इंजिनिअरिंग कॉलेजं घ्या. पुण्यात कर्वेनगरचं कमिन्स १९९१ सालचं, पुणे विद्यापीठाशी संलग्न, तिथे मेकॅनिकल आहे. मुंबईत सांताक्रूझचं उषा मित्तल थेट एसएनडीटी महिला विद्यापीठाचं. शहर वेगळं, विद्यापीठ वेगळं, शाखा वेगळ्या. स्वतःच्या मुलाच्या वेळी याच काकांना प्लेसमेंटचे आकडे तोंडपाठ होते. मुलीचं कॉलेज म्हटलं की चौकशी एकच, हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं?

माझं कॉलेज बाबांनी असंच ठरवलं. ऑफिसच्या खिडकीत तेवढंच विचारलं. "साडेसहा," क्लार्क म्हणाला आणि बाबांनी तिथेच फी भरली. कॉलेजची लायब्ररी मात्र रस्त्यापलीकडे, आठपर्यंत उघडी. म्हणजे गावातल्या मुली तिथे अभ्यास करणार आणि आम्ही हॉस्टेलवाल्या कुलपाच्या आत नोट्स उतरवून घेणार!

सुरक्षितता लागते, मान्य. पुढे बोला.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली हे एसएनडीटी महिला विद्यापीठ काढलं, त्याआधी तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली होती. तिथे मुलींना काय शिकवतात हे त्यांनी वाचलं. (हो, कर्व्यांच्या अभ्यासक्रमात गृहशास्त्र होतं. मलाही ते खटकतं.) दिल्लीचं मिरांडा हाउस हे मुलींचं कॉलेज १९४८चं. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या, कॉलेजांच्या यादीत २०१७ ते २०२३ सलग पहिलं, मुलामुलींच्या भल्याभल्या कॉलेजांना मागे टाकून. ते काय गेट लवकर लावतात म्हणून?

बाबांवर राग नाही माझा. एसटीने आले, मला सोडलं आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने परत गेले. त्यांची भीती खरी होती आणि दुसरं काय विचारायचं हे सांगणारं त्यांना कोणी भेटलं नव्हतं. पण काका, तुमच्या हातात अख्खं इंटरनेट आहे हो! सकाळपासून त्यावर आयुर्वेद पाठवताय, तर एका कॉलेजची वेबसाइट उघडायला काय होतं?

आणि त्या साडेसहाच्या गेटने आम्हाला सुरक्षित वगैरे काही केलं नाही. भिंत कुठे खचलीय ते पहिल्याच महिन्यात सगळ्यांना माहीत झालं होतं. लायब्ररीत जायला मिळालं नाही एवढंच.

ताई, तू नीट ऐक. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की होते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत काकांच्या मर्जीचं नको, पोरीच्या मर्जीचं लिही. वर्कशॉपमध्ये मशीनवर मुलींचे हात पडतात की सर करून दाखवतात आणि पोरी जर्नल लिहितात, ते विचार. मेकॅनिकलला मुली घ्यायला कुठल्या कंपन्या येतात, ते विचार. लायब्ररी हॉस्टेलच्या मुलींना कधीपर्यंत, हेही. ऑफिसात विचारू नकोस, तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठ.

काका, अशा मुलीचा नंबर असेल तर ग्रुपवर टाका. नसेल तर गुड मॉर्निंगचं गुलाब टाका, ते चालेल.