थेट राष्ट्राध्यक्ष निवडला की घोडेबाजार बंद?

कोल्हापुरात ग्रुपाग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: 'संसदीय पद्धत मोडा, अमेरिकेसारखा राष्ट्राध्यक्ष थेट जनतेतून निवडा. जास्त मतं त्याचीच खुर्ची, घोडेबाजार बंद, आणि पाच वर्षं सरकार हलणार नाही.'

'जास्त मतं त्याचीच खुर्ची' याला अमेरिकेचं उदाहरणच चालत नाही. तिथे जनता निर्वाचक निवडते, आणि ते राष्ट्राध्यक्ष निवडतात. एकूण ५३८, जिंकायला २७०. मेन आणि नेब्रास्का सोडली तर राज्यात जो पुढे, त्याला तिथले सगळे निर्वाचक. म्हणून २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन २८ लाखांहून अधिक मतांनी पुढे असूनही हरल्या.

घोडेबाजाराचा मुद्दा, ठरावधारकांच्या (सहकारी संस्थेच्या ठरावानं तिच्या वतीनं मत देणाऱ्यांच्या) सहली बघितलेल्या कोल्हापूरकराला लगेच पटतो. अर्धा खराही आहे: राष्ट्राध्यक्ष करायला खासदार पळवावे लागत नाहीत. पण बजेट आणि कायदे सभागृहातच मंजूर होतात, आणि सभागृहासाठी लोक वेगळं मत देतात. ब्राझीलचा राष्ट्राध्यक्ष थेट निवडून येतो. तिथे २००५ मध्ये उघडकीला आलेल्या घोटाळ्याचं नाव 'मेन्सालाओ', म्हणजे महिन्याचा मोठा हप्ता. आरोप खासदारांची मतं विकत घेतल्याचा, आणि पुढे त्यात शिक्षाही झाल्या.

ब्राझील लांब वाटत असेल तर करवीर-कागलकडच्या ग्रामपंचायतींचा हिशेब मांडा. सरपंचाला मत वेगळं, वॉर्डातल्या सदस्यांना वेगळं. समजा सरपंच एका आघाडीचा आणि नऊपैकी सहा सदस्य दुसऱ्या आघाडीचे. मासिक सभेत सरपंचाचा ठराव पडतो. त्याला हटवायचं तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेचं गुप्त मतदान. सहाजण त्याला पुरत नाहीत. सरपंच जात नाही, काम होत नाही, गटार तसंच तुंबलेलं.

इस्रायलने हा प्रयोग देशपातळीवर केला. लहान पक्षांची घासाघीस थांबावी म्हणून १९९६ पासून पंतप्रधान थेट निवडला. झालं उलटंच. लोकांनी एक मत मोठ्या नेत्याला दिलं आणि दुसरं आपापल्या लहान पक्षाला. १९९२ मध्ये दोन मोठ्या पक्षांच्या मिळून १२० पैकी ७६ जागा होत्या, १९९९ मध्ये ४५ उरल्या. २००३ ची निवडणूक पुन्हा जुन्या पद्धतीनं झाली.

राहिलं स्थैर्य. पेरूमध्येही राष्ट्राध्यक्ष थेटच निवडतात. नोव्हेंबर २०२० मध्ये जेमतेम आठवड्याभरात तिथे तीन राष्ट्राध्यक्ष झाले. अमेरिकेत माणूस टिकतो, पण बजेटवरून २०१८-१९ मध्ये सरकारी कामकाजाचा काही भाग ३५ दिवस ठप्प होता. आपल्याकडे लोकसभेत बजेट पडलं तर सरकारच जातं.

वाजपेयी सरकार १९९९ मध्ये २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं, आणि पर्यायी सरकार न जमल्यानं देशाला निवडणूक घ्यावी लागली. दुखणं हे असेल तर त्यावर संसदीय पद्धतीतच औषध आहे. जर्मनीत चॅन्सेलरला पाडायचं तर त्याच मतदानात नवा चॅन्सेलर बहुमतानं निवडावा लागतो. १९४९ पासून हे एकदाच जमलं: १९८२ मध्ये, श्मिट गेले आणि कोल आले.