पाच मिनिटांची सतरंजी

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता माझ्या पाठीखालची सतरंजी ओढून घेण्यात आली आणि त्या वेळी मी तिच्यावर होतो, एवढे आधीच नमूद करून ठेवतो.

सोलापुरात होटगी रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका मंगल कार्यालयात आमचा ध्यानवर्ग भरतो. वीस मिनिटे डोळे मिटून बसायचे आणि त्यानंतर पाच मिनिटे उताणे पडून राहायचे, असा आमच्या बाईंचा नियम आहे. ही पाच मिनिटे चैनीची नव्हेत. बराच वेळ निश्चल बसल्याने नाडी संथ झालेली असते, रक्त पायांकडे साचलेले असते. अशा वेळी ताडकन उठले, तर मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडून डोळ्यांपुढे अंधारी येते. शवासनाने थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते, असे हठयोगप्रदीपिकेतही सांगितले आहे. मात्र कार्यालयाच्या रखवालदारमामांपर्यंत ती पोहोचलेली नाही.

मामा पूर्वी यंत्रमागावर होते. आम्ही बसलेलो असतो तोवर ते दाराशी इतक्या अदबीने उभे राहतात, की किल्ल्यांचा जुडगाही वाजू देत नाहीत. आम्ही आडवे झालो, की हा आदर तत्क्षणी संपतो. बसलेला माणूस साधक आणि पडलेला माणूस आळशी, असा त्यांचा सरळ हिशेब आहे.

“सर, झालं की ध्यान. उठा आता.”

“मामा, हेही ध्यानातच येतं.”

“झोपलाय की तुम्ही.”

“झोपलो नाही, विश्रांती घेतोय.”

“वीस मिनिटं बसूनच होता की. दमला कशानं?”

या प्रश्नाचे उत्तर पतंजलींनाही सुचले असते की नाही, याची मला शंका आहे. डोळे उघडणे म्हणजे हार मानणे, म्हणून ते मिटलेलेच ठेवून मी त्यांना त्यांच्याच धंद्यातला दाखला दिला, की चालता माग बंद केला तरी तो जागच्या जागी थांबत नाही, त्यालाही थोडा अवधी लागतोच. ही माझी घोडचूक होती. मामा माझ्या उशाशी उकिडवे बसले.

“कोण म्हणालं? सूत तुटलं की माग तिथंच थांबायला पाहिजे. नाही थांबला तर चादरीत फट पडते, माल सेकंड दर्जात जातो. तुम्ही कधी मागावर होता काय?”

मी नव्हतो. मी बँकेत होतो.

“आणि आज पाण्याचा दिवस आहे,” मामा पुढे म्हणाले. “नळ आला तर टाकी कोण भरणार, तुमचं शवासन?”

चार दिवसांनी येणाऱ्या नळापुढे या शहरात कोणाचेही काही चालत नाही, हे मला मान्य आहे. परंतु याच शहरात उन्हाळ्याच्या दुपारी दुकानदार गल्ल्यामागे खुशाल आडवा होतो आणि गिऱ्हाईक पाय न वाजवता परत जाते. त्याच्या अंगाखालची चटई कोणी ओढल्याचे मी अद्याप ऐकलेले नाही. त्याने तर आधी ध्यानही केलेले नसते.

सतरंजी गेली तसा मी ताडकन उठलो, फरशी डावीकडे कलली आणि हाताला लागेल त्या आधाराने मी जिथे टेकलो, ती व्यासपीठावरची लाल मखमलीची नवरदेवाची खुर्ची निघाली. वर्गातल्या सगळ्यांनी नेमके त्याच वेळी डोळे उघडले.

“बघा,” मामा सतरंजीची गुंडाळी करीत म्हणाले, “झोपल्यामुळंच चक्कर आली.”

बाईंनी तरी माझी बाजू घ्यावी, अशी अपेक्षा होती. त्यांनी मलाच विश्रांती पूर्ण न केल्याबद्दल सौम्य शब्दांत समज दिली.

त्या दिवशी नळ रात्री अकराला आला. मामा तेव्हा गाढ झोपलेले होते, ही माहिती मी शेजारच्या पानवाल्याकडून मुद्दाम जाऊन मिळवली आहे.